दहा वर्षं तिच्या नावावरची : दीर्घ वास्तव्याच्या आधारे मुदतवाढीचं एक प्रकरण

ब्रिटनमध्ये सलग दहा वर्षं कायदेशीरपणे राहिलेल्या माणसाला त्या राहण्याच्याच जोरावर कायम वास्तव्याचा, म्हणजे आयएलआरचा अर्ज करता येतो, हे इथल्या बहुतेक मराठी घरांत ठाऊक असतं. पण दहा वर्षं भरली आहेत आणि इंग्रजीची किंवा ‘लाइफ इन द यूके’ची परीक्षा मात्र पास झालेली नाही, अशा माणसाला त्याच दहा वर्षांवर जास्तीत जास्त दोन वर्षांची मुदतवाढ मिळू शकते, हे फार थोड्यांना माहीत असतं. ज्यांना या वाटेची सगळ्यात जास्त गरज पडते, त्या बायकांना तर नाहीच. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली बाई स्वतःच्या वर्षांचाही हिशेब नवऱ्याच्याच खात्यात मांडते. हे प्रकरण अशाच एकीचं आहे. लिहायला तिची परवानगी आहे. तिची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी लीड्समधल्या एका नोंदणीकृत सल्ला केंद्रात काम करते, आणि तिचा अर्ज आमच्याकडूनच गेला.

ती कऱ्हाडजवळच्या एका गावातली. शाळा मराठी, बीए मराठी माध्यमातून. लग्नानंतर वर्षभरात नवऱ्याला यॉर्कशायरमध्ये पीएचडीला प्रवेश मिळाला आणि २७ सप्टेंबर २०१४ रोजी ती त्याच्याबरोबर मँचेस्टरला उतरली, टिअर ४ या विद्यार्थी व्हिसावरच्या माणसाची डिपेंडंट, म्हणजे त्याच्यावर अवलंबून असलेली जोडीदार म्हणून. पुढचे व्हिसे त्याच्यामागून बदलत गेले. २०१८ च्या शेवटी डॉक्टरेट पूर्ण करणाऱ्यांसाठी तेव्हा असलेल्या विस्तार योजनेत आणखी एक वर्ष. मग त्याला नोकरी लागली, टिअर २ जनरल या कामाच्या व्हिसावर; तो निर्णय जानेवारी २०२० मध्ये आला. जानेवारी २०२३ मध्ये त्याच्या जागी आलेला स्किल्ड वर्कर, तीन वर्षांसाठी. प्रत्येक वेळी तिची परवानगी त्याच्यासारखीच, त्याच तारखेपर्यंतची. ती स्वतः २०१७ पासून एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करत होती.

संसार मोडला तो २०२४ च्या उन्हाळ्यात. कारणांत मी जात नाही. नवरा दुसरीकडे राहायला गेला, आणि आपलं नातं संपल्याचं त्यानं होम ऑफिसला, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याला कळवलं. तसं कळवणं त्याच्यावर बंधनकारकच होतं आणि तिच्यावरही होतं. डिपेंडंट व्हिसा ज्या नात्यावर उभा असतो ते नातं तुटलं, की तो व्हिसा आपोआप संपत नाही. होम ऑफिस तो लेखी नोटिशीनं आखूड करतं. नोटीस येईपर्यंतचे दिवस कायदेशीरच असतात. पण नोटीस कधी येईल ते हातात नसतं.

ती आमच्याकडे आली जूनच्या मध्याला. मंडळातल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं, की आता परत जावं लागणार, मुलीला घेऊन. दुसऱ्या कुणी सांगितलं, की गप्प बस, जानेवारी २०२६ पर्यंत व्हिसा आहे, कोण बघतंय. दोन्ही सल्ले चुकीचे, आणि दुसरा तर घातक. नातं तुटल्याचं लपवून राहिल्याचा डाग पुढच्या प्रत्येक अर्जावर पडू शकतो. आम्ही पहिलं काम केलं ते तिच्या बाजूनंही विभक्त झाल्याचं कळवण्याचं. (एखाद्याच्या प्रकरणावर व्यवसाय किंवा संस्था म्हणून, मोफत का होईना, व्हिसाचा सल्ला देणं हे ब्रिटनमध्ये नोंदणी किंवा वकिली परवाना नसलेल्या माणसासाठी १९९९ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. मायेपोटी व्हॉट्सअ‍ॅपवर सल्ले देणाऱ्या आपल्या लोकांना तो कायदा लागू नसला, तरी त्यांनीही जपून राहावं. सल्ला देऊ नका, सल्लागाराचा पत्ता द्या.)

वाटा कोणत्या होत्या

स्वतःच्या नावावर स्किल्ड वर्कर व्हिसा? एप्रिल २०२४ पासून त्याची सर्वसाधारण पगारमर्यादा ३८,७०० पाउंड झाली होती. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या अर्धवेळ पगाराशी त्या आकड्याचा काही संबंध नव्हता. विद्यार्थी व्हिसा घ्यायचा तर फीचे पैसे कुठून आणायचे? मुलगी आठ वर्षांची, सात वर्षांहून जास्त काळ इथे वाढलेली, म्हणून पालक या नात्यानं अर्ज करता आला असता. ती वाट खरी होती, पण लांबची : अडीच-अडीच वर्षांच्या परवानग्या घेत कायम वास्तव्यापर्यंत आणखी दहा वर्षं. घरात मारहाण होत असेल, तर अशा डिपेंडंट बायकांसाठी तीन महिन्यांच्या तातडीच्या परवानगीची वेगळी सवलत आहे. तिचा प्रश्न तो नव्हता, तरी आम्ही विचारलं. ते विचारायचंच असतं.

मग मी तिला पहिल्यांदा कधी आलीस ते विचारलं. तारीख तिला पाठ होती. २७ सप्टेंबर २०१४. म्हणजे येत्या सप्टेंबरात दहा वर्षं भरणार होती.

“पण ताई, ती तर ह्यांच्या व्हिसावरची,” ती म्हणाली.

या एका वाक्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे. दीर्घ वास्तव्याचा नियम कोणत्या व्हिसावर राहिलात, कुणाच्या मागून आलात हे विचारत नाही. तो विचारतो, की तुम्ही स्वतः सलग आणि कायदेशीर राहिलात का. भेटीचा व्हिसा, अल्पकालीन अभ्यासाचा व्हिसा, हंगामी कामगाराचा व्हिसा यांवरचे दिवस धरत नाहीत, बाकी जवळजवळ सगळे धरतात. विद्यार्थ्याची डिपेंडंट म्हणून काढलेली वर्षं पाच वर्षांच्या कामाच्या वाटेवर मोजली जात नाहीत, पण इथे पूर्ण मोजली जातात. संसार टिकला असता, तर नवऱ्याची कामाच्या व्हिसावरची पाच वर्षं जानेवारी २०२५ मध्ये भरल्यावर ती त्याच्याबरोबर अर्ज करणार होती. आता ती त्याच्या आधी, स्वतःच्या पायावर पात्र ठरत होती.

या विषयाचे नियम ११ एप्रिल २०२४ पासून नव्यानं लिहिले गेले, ‘अपेंडिक्स लाँग रेसिडन्स’ या नावानं. त्यात एक नवी अट आली : सध्याची परवानगी हातात येऊन अर्जाच्या दिवशी किमान बारा महिने झालेले हवेत. दहा वर्षं भरायच्या तोंडावर घाईनं व्हिसा बदलणाऱ्यांना ही अट अडवते. ज्यांची परवानगी ११ एप्रिल २०२४ च्या आधीची आहे त्यांना ती लागू नाही. तिची जानेवारी २०२३ ची होती, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

दिवस मोजणं

सगळ्यात जास्त वेळ गेला तो इथे. ब्रिटनबाहेर काढलेल्या दिवसांची मर्यादा दोन तुकड्यांत आहे. ११ एप्रिल २०२४ च्या आधीच्या काळासाठी एका फेरीत १८४ दिवसांहून जास्त नाही आणि सगळ्या फेऱ्या मिळून ५४८ दिवसांहून जास्त नाही. त्यानंतरच्या काळासाठी कोणत्याही बारा महिन्यांत १८० दिवसांहून जास्त नाही. निघण्याचा आणि पोचण्याचा दिवस धरत नाहीत, मधले पूर्ण दिवस धरतात.

मराठी घरातल्या बाईच्या प्रवासाचा नकाशा या नियमाच्या नेमका आडवा येतो. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्याच्या आत विमानात बसायचं, ओटीभरण, बाळंतपण, सव्वा महिना, बारसं, मग बाळाचा पासपोर्ट आणि बाळाचा व्हिसा. ती ५ एप्रिल २०१६ रोजी गेली आणि २४ सप्टेंबरला मुलीला घेऊन परतली. मधले पूर्ण दिवस १७१. आणखी दोन आठवडे व्हिसा लांबला असता, तर मर्यादा ओलांडली असती, आणि आठ वर्षांनंतर तिच्यापुढे हा मार्गच उरला नसता. त्या वेळी तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. आज ज्या मुली माहेरी बाळंतपणाला जायची तयारी करत असतील त्यांनी परतीचं तिकीट काढताना हा आकडा समोर ठेवावा. बाळाच्या व्हिसाला लागणारा वेळ धरूनच.

दुसरी मोठी फेरी २०२० ची. भावाच्या लग्नाला ती २० फेब्रुवारीला गेली. मार्चच्या उत्तरार्धात भारतानं आंतरराष्ट्रीय विमानं थांबवली आणि ती मुलीसह गावातच अडकली. परत कधी आली? “गणपती बसवून आले,” ती अगदी खात्रीनं म्हणाली. २०२० ची गणेश चतुर्थी २२ ऑगस्टला होती. चतुर्थीनंतर दोन दिवसांनी, २४ ऑगस्टला परत आली असं धरलं, तर पूर्ण दिवस होतात १८५. मर्यादेहून एक जास्त.

करोनाच्या काळातल्या प्रवासबंदीमुळे लांबलेल्या गैरहजेरीला नियमांत सूट आहे, त्यामुळे १८५ आले असते तरी सगळं संपलं नसतं. पण सूट मागायची तर पुरावे द्यावे लागतात, आणि निर्णय अधिकाऱ्याच्या मतावर जातो. त्याहून महत्त्वाचं, अर्जात चुकीची तारीख लिहिणं परवडत नाही. होम ऑफिसकडे एप्रिल २०१५ पासून देशाबाहेर जाणाऱ्यांचीही नोंद आहे. आपली तारीख आणि त्यांची तारीख जुळली नाही, तर शंका आपल्या सचोटीवर येते. आठवणीवर एकही तारीख लिहायची नाही, हा आमच्याकडचा नियम त्यासाठीच.

शिक्के जुन्या पासपोर्टात होते. तो पासपोर्ट २०२३ मध्ये नूतनीकरणानंतर कोपरा कापून परत मिळाला होता आणि नवऱ्याच्या फायलींच्या बॅगेत गेला होता. बॅग त्याच्याबरोबर गेली होती. त्याच्याकडे मागण्याचे निरोप अनुत्तरित राहिले.

इथे एक मोफत हक्क कामी आला. होम ऑफिसनं आपल्याबद्दल साठवलेली माहिती मागण्याचा अर्ज, ज्याला सगळे ‘सार’ म्हणतात, कुणालाही करता येतो. त्याला फी नाही, आणि उत्तर साधारण महिनाभरात द्यावं लागतं. आम्ही तिच्या आजवरच्या सगळ्या अर्जांच्या नोंदी आणि प्रवासाचा इतिहास मागितला. जुलैच्या शेवटी पीडीएफ आली. त्यात तिचे सगळे व्हिसे, प्रत्येक अर्जाची तारीख, प्रत्येक निर्णयाची तारीख आणि विमानांची ये-जा होती. २०२० च्या परतीची तारीख १ ऑगस्ट. वंदे भारत मोहिमेतल्या विमानानं मुंबईहून लंडन. तिच्या ईमेलमध्ये खोल गेल्यावर इंग्लंडमध्ये उतरताना तेव्हा भरावा लागणारा पत्त्याचा फॉर्मही सापडला, चौदा दिवस घरात वेगळं राहण्याच्या सूचनेसह.

मग गणपती? तिनं फोनमधले फोटो काढले. चतुर्थीचा फोटो होता लीड्सच्या स्वयंपाकघरातला. टेबलावर उभा केलेला फोन आणि फोनच्या पडद्यावर माहेरची आरती. आरती तिनं पाहिली होती ती इथून. पूर्ण दिवस १६२.

लहान फेऱ्या चार : ३४, २९, ३७, आणि २०२३ मध्ये वडिलांना पहिला झटका आला तेव्हाच्या ४६. सगळे मिळून ४७९. मर्यादेला ६९ दिवस बाकी. एप्रिल २०२४ नंतर ती कुठेच गेली नव्हती.

त्याच पीडीएफनं आणखी एक भीती घालवली. टिअर २ चा अर्ज नोव्हेंबर २०१९ मध्ये गेला होता, आधीची परवानगी डिसेंबरच्या सुरुवातीला संपली आणि निर्णय आला जानेवारीत. ते मधले काही आठवडे आपण बेकायदा होतो, असं ती पाच वर्षं समजत होती. तसं नव्हतं. परवानगी जिवंत असताना पुढचा अर्ज केला, तर निर्णय येईपर्यंत १९७१ च्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम ३सी खाली जुनी परवानगी आपोआप चालू राहते, आणि तो काळ दहा वर्षांत मोजला जातो. एक दिवस उशिरा केलेल्या अर्जाला हे संरक्षण नाही.

“माझ्या नावावर वीजबिलसुद्धा नाही”

दहा वर्षं इथे राहिल्याचे पुरावे मागितल्यावर तिचं हे उत्तर होतं. घरभाडं, कौन्सिल टॅक्स, गॅस, वीज, इंटरनेट, सगळं नवऱ्याच्या नावावर. बँकेचं खातं २०१७ पर्यंत संयुक्त. सल्ला केंद्रात बसून मी हे इतक्या बायकांकडून ऐकलं आहे, की आता प्रश्न विचारायच्या आधीच कागद आणि पेन पुढे ओढते.

आम्ही उलटीकडून सुरुवात केली : तुला तुझ्या नावानं कोण हाक मारतं? डॉक्टर. तिची जीपीकडची नोंदणी ऑक्टोबर २०१४ ची होती, आणि दवाखान्यानं नोंदणीची तारीख व भेटींची वर्षं लिहिलेलं पत्र दिलं. कौन्सिलच्या इंग्रजी वर्गाची २०१५ ची हजेरी. सरकारी वाचनालयाचं कार्ड. गरोदरपणात इथल्या मिडवाइफनं ठेवलेल्या नोंदी. मुलीच्या शाळेचं पत्र, ज्यात रोज आणायला-सोडायला येणारी म्हणून तिचं नाव. २०१७ पासूनचे पी६०, म्हणजे वर्षाचा पगार आणि कर दाखवणारे दाखले, आणि कर खात्याकडची नोकरीची नोंद. एकही कागद नवऱ्याकडून मागावा लागला नाही. नियमाच्या दृष्टीनं व्हिसे आणि प्रवासाच्या नोंदी हाच कणा, बाकीचे आधार. पण ती फाईल तयार होताना तिच्या बोलण्यात फरक पडला, हे मी पाहिलं. “आम्ही” म्हणून सांगणारी बाई “मी” म्हणून सांगू लागली.

आणखी एक काम त्याच आठवड्यात उरकलं. तिच्या बीआरपीवर, म्हणजे परवानगीच्या ओळखकार्डावर, ३१ डिसेंबर २०२४ ही तारीख होती, परवानगी मात्र जानेवारी २०२६ पर्यंतची. हजारो लोकांची कार्डं तशीच छापलेली होती, कारण कार्डांच्या जागी ई-व्हिसा येणार होता. ई-व्हिसासाठी ऑनलाइन खातं लागतं, आणि खातं फोन नंबर व ईमेलला जोडलेलं असतं. घरातल्या सगळ्यांची खाती नवऱ्याच्या फोनवरून उघडायची रीत आपल्याकडे सर्रास आहे. तिचं खातं आम्ही तिच्या स्वतःच्या नंबरावर, तिच्या स्वतःच्या ईमेलवर उघडलं. दुसऱ्याच्या फोनवर येणाऱ्या कोडवर स्वतःची परवानगी टांगून ठेवू नये.

नोटीस आणि परीक्षा

नोटीस १२ ऑगस्टची. परवानगी ६० दिवसांवर आणली होती, शेवटची तारीख ११ ऑक्टोबर २०२४. दीर्घ वास्तव्याचा अर्ज दहा वर्षं भरण्याच्या जास्तीत जास्त २८ दिवस आधी करता येतो, म्हणजे तिच्यासाठी ३० ऑगस्टपासून. हातात सहा आठवडे होते. नोटीस जूनमध्येच आली असती तर साठ दिवस ऑगस्टमध्ये संपले असते आणि हे प्रकरण वेगळं झालं असतं, हे मान्य करायला हवं. इथे तारखांनी साथ दिली.

या सहा आठवड्यांत दोन परीक्षा झाल्या, तर थेट कायम वास्तव्य. इंग्रजीची बी१ पातळीची बोलण्या-ऐकण्याची परीक्षा, आणि लाइफ इन द यूके : २४ प्रश्न, ४५ मिनिटं, १८ बरोबर हवेत, फी ५० पाउंड, नापास झालात तर पुन्हा बसायला किमान सात दिवस थांबायचं. तिची पदवी इंग्रजी माध्यमातली असती तर इंग्रजीची परीक्षा लागली नसती. इंग्रजीचं तिला भय होतं, पण सात वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात ऑर्डर घेतलेल्या बाईला बी१ जड गेलं नाही. २० सप्टेंबरला ती पास झाली.

लाइफ इन द यूके मात्र वेगळी गोष्ट आहे. ट्यूडर राजे, स्टुअर्ट राजे, कोणत्या कायद्यानं कुणाला मताचा हक्क मिळाला, कोणत्या बागेची रचना कुणी केली. हे सगळं इंग्रजीतून वाचून, पाठ करून, संगणकावर टिचकी मारून. दुपारची पाळी आणि मुलीचा गृहपाठ संपल्यावर ती रात्री दहा ते बारा अभ्यास करायची. ५ सप्टेंबरला पहिला प्रयत्न, १५ गुण. १६ सप्टेंबरला ती केंद्रावर गेली आणि परीक्षेला बसूच दिलं नाही. आरक्षण करताना तिनं स्वतःचं नाव आणि आडनाव लिहिलं होतं. पासपोर्टात मधे नवऱ्याचं नाव होतं. आरक्षणावरचं नाव ओळखपत्राशी अक्षरशः जुळलं पाहिजे, नाहीतर प्रवेश नाही आणि पैसेही परत नाहीत. ज्या माणसापासून ती वेगळी झाली होती त्याचंच नाव लिहिलं नाही म्हणून ती परत आली. मराठी माणसाच्या पासपोर्टात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बहुधा दिलेल्या नावाच्या रकान्यातच बसलेलं असतं. आरक्षण करताना पासपोर्ट समोर उघडा ठेवून, त्यात आहे तसं, सगळं लिहावं.

पुढची मोकळी वेळ मिळाली ३ ऑक्टोबरची. तोवर आम्ही दोन्ही अर्ज भरून तयार ठेवले, कायम वास्तव्याचा आणि मुदतवाढीचा. ३ ऑक्टोबरला १७ गुण पडले. एक कमी.

११ ऑक्टोबरच्या आत आणखी एक प्रयत्न नियमातच बसत होता, अगदी शेवटच्या दिवसांत. ती धरून बसायला तयार होती. मी तिला थांबवलं. पासाची आशा ठेवून शेवटच्या दिवसापर्यंत थांबायचं आणि त्या दिवशी परीक्षा केंद्र, वेबसाइट किंवा बँकेचं कार्ड यांतलं एक जरी अडलं, तर कलम ३सीचं संरक्षण जातं, दहा वर्षांची सलगता धोक्यात येते, नोकरी जाते. परीक्षा नंतर कितीही वेळा देता येते. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी मुदतवाढीचा अर्ज गेला.

किंमत

मुदतवाढीला परीक्षेची अट नाही, पण ती स्वस्त नाही. तेव्हाची फी १,२५८ पाउंड. शिवाय सरकारी आरोग्यसेवेसाठीचा हेल्थ सरचार्ज वर्षाला १,०३५, दोन वर्षांचा २,०७०. एकूण ३,३२८ पाउंड, अर्जाच्या दिवशी एकरकमी. कायम वास्तव्याच्या अर्जाची फी तेव्हा २,८८५ होती आणि त्याला सरचार्ज लागत नाही. एका गुणानं तिच्यावर आधी ३,३२८ आणि नंतर कायम वास्तव्यासाठी एप्रिल २०२५ पासून वाढलेले ३,०२९ असा दुहेरी खर्च आणला. मिळून ६,३५७ पाउंड. हा भुर्दंड त्याच माणसांवर पडतो ज्यांना शिकण्याची सवड सगळ्यात कमी मिळाली. मला हे अन्याय्य वाटतं आणि तसं म्हणायला संकोच वाटत नाही. तिची बचत आणि भावानं कऱ्हाडहून पाठवलेले पैसे मिळून रक्कम उभी राहिली. सरकारी मदतीचा प्रश्नच नव्हता. तिच्या परवानगीवर आधीपासून ‘पब्लिक फंड्स नाहीत’ अशी अट होती आणि मुदतवाढीवरही तीच आली.

अर्ज गेल्यावर बायोमेट्रिक्स, कागद अपलोड, आणि थांबणं. शाळेला तिच्या कामाच्या हक्काचा पुरावा हवा होता. कार्डावरची तारीख सरणार, नोटीस आलेली, मग कामावर ठेवायचं कसं? अशा वेळी मालकानं होम ऑफिसच्या एम्प्लॉयर चेकिंग सर्व्हिसकडे विचारायचं असतं. अर्ज प्रलंबित आहे अशी खात्रीची सूचना त्यांना मिळते आणि ती सहा महिने पुरते. शाळेच्या कार्यालयातल्या बाईंना ही सोय माहीत नव्हती, पण पत्र लिहून दाखवल्यावर त्यांनी त्याच दिवशी विचारणा केली. कामाचा एकही दिवस बुडाला नाही.

नोव्हेंबरात तिच्या वडिलांची बायपास ठरली. अर्ज प्रलंबित असताना ब्रिटन, आयर्लंड, मॅन बेट आणि चॅनेल बेटं या टापूच्या बाहेर पाऊल टाकलं, तर अर्ज मागे घेतला असं धरतात. फी जाते, कलम ३सीची परवानगी जाते, परतीची वाट जाते. तिनं मला फक्त एवढंच विचारलं, की काही तोड आहे का. नव्हती. भाऊ दवाखान्यात फोन धरून उभा राहिला. शस्त्रक्रिया नीट झाली. ज्यांचे आई-वडील थकलेले आहेत त्यांनी अर्जाचा महिना निवडताना हेही मोजावं. तिला निवड नव्हती.

२१ जानेवारी २०२५ रोजी मंजुरी आली. दोन वर्षांची परवानगी, कोणतंही काम करण्याच्या मोकळीकीसह, कुणाचीही डिपेंडंट म्हणून नाही. ई-व्हिसाच्या पानावर वाटेचं नाव लिहिलेलं होतं : लाँग रेसिडन्स.

पुढे

या वाटेवर डिपेंडंट जोडता येत नाहीत. मुलीची परवानगी वडिलांच्या मागची, जानेवारी २०२६ पर्यंतची. तिचा अर्ज वेगळा, मुलांच्या खासगी जीवनाच्या नियमाखाली करावा लागला. सात वर्षांहून जास्त वास्तव्य, आणि तिनं इथून जावं अशी अपेक्षा वाजवी नाही हे दाखवणं, असा त्याचा गाभा. तो भाग आम्ही कौटुंबिक कायद्याचं कामही बघणाऱ्या सॉलिसिटरकडे दिला, कारण त्यात वडिलांची संमती आणि ताब्याचा प्रश्न गुंतला होता. तो इथे उलगडत नाही.

मार्च २०२५ मध्ये ती लाइफ इन द यूके पास झाली, २२ गुण. लगेच कायम वास्तव्याचा अर्ज का केला नाही? कारण तीच बारा महिन्यांची नवी अट. तिची आताची परवानगी ११ एप्रिल २०२४ नंतरची, त्यामुळे सूट गेली. किमान २१ जानेवारी २०२६ पर्यंत थांबणं आलं.

या थांबण्यानं तिची झोप उडवली आहे, आणि ते साहजिक आहे. मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत सरकारनं कायम वास्तव्याची सर्वसाधारण मुदत पाचवरून दहा वर्षांवर नेण्याचा आणि इंग्रजीची पातळी वाढवण्याचा मनोदय मांडला. २० नोव्हेंबर २०२५ रोजी त्यावर सविस्तर प्रस्ताव लोकांच्या मतांसाठी खुले झाले. मतं पाठवण्याची मुदत १२ फेब्रुवारी २०२६. प्रस्ताव म्हणजे नियम नव्हे. हे लिहिताना, म्हणजे २०२५ संपता संपता, आधीचेच नियम चालू आहेत, आणि त्यांत ती बसते. म्हणून मुदत भरली, की एकही दिवस वाया न घालवता अर्ज पाठवायचा, एवढं आम्ही ठरवलं आहे. फॉर्म भरून ठेवला आहे. बी१ आणि लाइफ इन द यूकेचे संदर्भ क्रमांक त्यात आहेत, गैरहजेरीचा तक्ता नव्या नोंदींसह पुरा केला आहे. त्यात २०२५ च्या मे महिन्यातल्या फेरीचे १९ दिवस वाढले आहेत. वडिलांना भेटायला ती मुलीला घेऊन कऱ्हाडला गेली होती.